चिठ्ठी टाकून निवडलेले ठाणे



भात कापणीच्या सुमारास गावात पीक कापणी प्रयोग होतो, तो तुमच्यापैकी बहुतेकांनी बांधावर उभे राहून पाहिला असेल. तलाठी किंवा आमच्या खात्याचा माणूस येतो, यादीतला गट नंबर काढतो, ठरलेल्या आकड्याइतकी पावले शेतात चालत जातो आणि जिथे थांबेल तिथेच खुंट्या ठोकून चौकोन आखतो. तेवढेच भात कापायचे, झोडायचे आणि वजन करायचे. अशा वेळी एखादा हटकून म्हणतोच, "साहेब, तिथं पाणी साचतं, ह्या अंगाचं घ्या." पीक विम्याचे वर्ष असले तर तोच गृहस्थ पाणी साचलेला कोपरा दाखवतो! म्हणूनच जागा त्यानेही निवडायची नाही आणि आम्हीही निवडायची नाही. जागा निवडतो तो कागदावरचा आकडा, म्हणजे एक प्रकारची चिठ्ठीच.

आज त्या चिठ्ठीबद्दलच लिहितो आहे, पण भातासाठी नव्हे. ती शेतातून निघून पोलीस ठाण्यात कशी पोहोचली आणि तिथे काय आढळले, ते सांगायचे आहे. हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. पण विहिरीवरची मोटार गेली, गोठ्यातल्या शेळ्या रातोरात टेम्पोत घालून नेल्या, सासरी मुलीला मारहाण झाली, की आपल्याला जावे लागते ते शहापूर, मुरबाड, किन्हवली किंवा टोकावड्याच्या ठाण्यातच. तिथे आपले म्हणणे लिहून घेतले जाते की नाही, यावर घरातले पुष्कळ काही अवलंबून असते.

आधी चिठ्ठीचे मूळ सांगतो. कृषी पदवीला आम्हाला पानसे आणि सुखात्मे यांचे संख्याशास्त्राचे पुस्तक होते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ते १९५४ साली काढले. दोघेही मराठी माणसे, पां. वा. सुखात्मे तर सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. आज पीक कापणी ज्या रीतीने होते, तिचा आपल्या देशातला पाया घालणाऱ्यांत हे दोघे पुढे होते. त्यांच्याही आधी, १९२०च्या दशकात, इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनी ठासून सांगितले होते की, खत गुणकारी आहे की नाही हे ठरवायचे तर शेताचे वाफे पाडा, कोणत्या वाफ्याला खत द्यायचे ते चिठ्ठीने ठरवा आणि बाकीचे वाफे खताविना ठेवा. त्या खताविना ठेवलेल्या वाफ्याला मी तुलनेचा वाफा म्हणतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्रावर शिवारफेरीला गेला असाल तर असे वाफे पाट्यांसकट पाहिले असतील.

तुलनेचा वाफा नसला की काय होते ते तुम्ही जाणताच. एखाद्याने नवे औषध फवारले, त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला, भात भरघोस आले. दुकानदार सांगतो, औषधाची किमया! फवारले नसते तरी तेवढेच पिकले असते का, याचे उत्तर कोणाजवळच नसते. पोलिसांचेही जगभर वर्षानुवर्षे असेच चालले होते. गस्त वाढवली आणि चोऱ्या घटल्या, तर गस्तीचा गुण. गस्त वाढवून चोऱ्या वाढल्या, तर गस्त कमी पडली, आणखी वाढवा.

हे कोडे सोडवायचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतल्या कॅन्सास सिटी या शहरात १९७२-७३ साली झाला. तिथल्या पोलिसांनी शहराच्या एका भागातले १५ बीट घेतले. पाच बीटमध्ये गस्तीच्या गाड्या बंद केल्या, कोणी बोलावले तरच जायचे. पाचांत गस्त दुपटीतिपटीने वाढवली आणि पाचांत पूर्वीसारखीच ठेवली. वर्षाअखेर पाहिले तर गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक नाही, लोकांच्या भीतीत नाही आणि समाधानातही नाही. गस्त बंद झाली आहे हे तिथल्या रहिवाशांच्या ध्यानातसुद्धा आले नव्हते.

मग गस्त फुकट म्हणायची का? तसेही नाही. भातावर तपकिरी तुडतुडे पडतात तेव्हा सगळे शेत एकदम करपत नाही. आधी गोल गोल पट्टे करपतात. त्या पट्ट्यांत बुंध्याशी नेमके औषध पोहोचले तर उपयोग, नाहीतर बांधावरून साऱ्या शेतावर भुरभुर फवारून पैसा तेवढा जातो. मिनिआपोलिस शहरात अभ्यासकांना असेच दिसले. पोलिसांना येणाऱ्या निम्म्या बोलावण्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून येत होत्या. असे ११० अड्डे निवडून १९८८-८९ मध्ये त्यांतल्या निम्म्यांवर, चिठ्ठीने ठरवून, पोलिसांचा वावर वाढवला. तिथे गुन्ह्यांच्या तक्रारी खरोखरच घटल्या. गस्त तीच, पण पट्टा नेमका धरलेला.

या झाल्या परदेशच्या गोष्टी. आपल्याकडे अशी मोठी चाचणी झाली ती राजस्थानात. नीना सिंह या तिथल्या पोलीस अधिकारी, आणि त्यांच्याबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञ. (बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळाले. बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर, हे आपले जाता जाता.) त्यांनी ११ जिल्ह्यांतली १६२ ठाणी घेतली आणि चिठ्ठीने वेगवेगळ्या ठाण्यांत वेगवेगळे बदल केले. काही ठाण्यांत पोलिसांच्या बदल्या थांबवल्या. काहींत आठवड्याची सुट्टी आणि कामांची आलटापालट. काहींत गावातली साधी माणसे रोज काही तास ठाण्यात नुसती बसवली, काय चालते ते पाहायला. काहींत पोलिसांना तपासाचे आणि लोकांशी बोलण्याचे प्रशिक्षण दिले. काही ठाणी जशी होती तशी ठेवली. तोच तुलनेचा वाफा.

परीक्षाही पक्की घेतली. हजारो घरांत जाऊन लोकांना विचारले. शिवाय वरिष्ठांच्या संमतीने बनावट फिर्यादी ठाण्यात पाठवले, कोणाची फिर्याद लिहून घेतात आणि कोणाला वाटेला लावतात ते बघायला.

निकाल काय लागला? प्रशिक्षणाचा फायदा स्पष्ट दिसला. तपास सुधारला, आणि ज्यांच्या घरी गुन्हा घडला होता ती माणसे पोलिसांच्या वागण्यावर अधिक समाधानी दिसली. बदल्या थांबवण्यातही फायद्याची चिन्हे होती, पण तितकी पक्की नव्हेत. गावची माणसे ठाण्यात बसवणे आणि आठवड्याची सुट्टी, या दोन्ही गोष्टी कानाला सर्वांत गोड, त्यांचा मात्र ठाम फायदा दिसला नाही. याचे एक कारण असे की पुष्कळ ठिकाणी ते बदल धडपणे अमलातच आले नाहीत. वरून हुकूम निघाला, खाली ठाणे अंमलदाराने चार दिवस पाळला आणि सोडून दिला. विस्तार खात्यात नोकरी केलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. चारसूत्री भात लागवडीची मंडळात आखलेली प्रात्यक्षिके आणि शेतात ठरल्या अंतरावर खरोखर लागलेली चुडे, यांत किती तफावत असते ते मी पाहिले आहे. तेव्हा "अमुक योजना फसली" असे ऐकले की आधी विचारावे, ती पेरली होती का?

राजस्थानातच दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी रात्रीच्या नाकाबंदीची वेगळी चाचणी झाली. काही ठाण्यांनी नाके एकाच, सर्वांत मोक्याच्या जागी कायम ठेवले. काहींनी ते तीन जागांत फिरते ठेवले. फिरत्या नाक्यांच्या ठाण्यांत रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे अपघाती मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. कायमच्या नाक्यांनी लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही, कारण दोनचार दिवसांत पिणाऱ्यांना आडवाट ठाऊक होते. नाशिक महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या आणि लग्नसराईत रात्री मोटारसायकलवरून परतणाऱ्या पोरांची वाट बघणाऱ्या घरांनी या दोन आकड्यांचा विचार करावा. ग्रामसभेत "आमच्या फाट्यावर कायमची चौकी द्या" असा ठराव आपण हौसेने करतो. फिरती नाकाबंदी मागितली तर पदरात अधिक पडेल.

आता बायाबापड्यांच्या तक्रारीकडे येतो. इथे पहिले पाऊल महाराष्ट्राचेच. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. शिकून तयार झालेल्या समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसायच्या. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई आली की तिला आधी पाणी द्यायचे, ऐकून घ्यायचे आणि फिर्याद करायची असेल तर पोलिसांकडे सोबत जायचे. पोलिसाला ती "घरगुती भानगड" वाटू नये, हे कामही त्यांचेच. पुढे राज्य सरकारने हा कक्ष आपलासा केला आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. विद्यापीठातल्या विद्येने पोलिसांचे काम बदलल्याचे याहून घरचे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

अशा कक्षाने फरक पडतो का, याची चिठ्ठी टाकून परीक्षा मात्र पुढे मध्य प्रदेशात झाली. तिथे १८० ठाणी तीन गटांत विभागली. एका गटात महिला मदत कक्ष काढला, दुसऱ्यात कक्ष काढून तो चालवायला महिला पोलीस अधिकारी नेमली, तिसरा गट तुलनेचा. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. कक्ष असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि गुन्हा म्हणून रीतसर नोंद वाढली ती मुख्यतः जिथे कक्ष बाईच्या हाती होता तिथे.

इथे जरा थांबायला हवे, कारण या निकालात एक मेख आहे. नोंद वाढली म्हणजे त्या ठाण्याच्या हद्दीत गुन्हे वाढल्याचे कागदावर दिसणार. वर्षअखेरीला आकडे पुढे आले की जिल्ह्याचा साहेब कोणाला रागावणार? ज्याने प्रामाणिकपणे लिहून घेतले त्यालाच! आमच्या कीड सर्वेक्षणात असेच होते. जो कृषी सहायक दर आठवड्याला बांधावर जाऊन तुडतुडे मोजतो त्याचे गाव लालेलाल दिसते, आणि जो घरी बसून शून्य भरतो त्याचे गाव हिरवे. म्हणून ठाण्याची किंमत नुसत्या गुन्ह्यांच्या बेरजेवरून करू नये, असे अभ्यासक कळकळीने सांगतात. पुढारी, वर्तमानपत्रे आणि आपणही "गुन्हे वाढले" म्हणून ओरडतो, तेव्हा नकळत "लिहून घेऊ नका" असेच ठाण्याला सांगत असतो. आमच्या भागातल्या एका पाड्यावरच्या शेतकऱ्याची पाच अश्वशक्तीची मोटार गेली. ठाण्यात त्याला सांगितले, आधी चार ठिकाणी शोध, मग ये. तो तीनदा गेला आणि शेवटी हातात एनसीची चिठ्ठी घेऊन आला. एवढ्या मोटारीची चोरी हा दखलपात्र गुन्हा. तिथे एनसी कशी चालेल? पण त्या वर्षीच्या तक्त्यात त्याच्या मोटारीची चोरी गुन्हा म्हणून घडलीच नाही.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. भिवंडी आपल्या शेजारचा तालुका, शहापूर-मुरबाडची कितीतरी पोरे तिथल्या गोदामांत कामाला जातात. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची खोलवर चौकशी केली आणि पोलिसांवरही कडक ताशेरे ओढले. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली. १९८८ साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी आधीच्या दंगलींचा अभ्यास केला. शांतता समित्या पूर्वीही होत्या, पण त्या सणापुरत्या, आणि त्यांत बसायची ती प्रतिष्ठित मंडळी. खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या केल्या, ७०च्या आसपास. त्यांत दोन्ही समाजांतली साधी माणसे घेतली आणि समितीचे काम त्या वस्तीच्या पोलिसाकडे दिले. नळाच्या भांडणापासून भाडेकरूच्या तंट्यापर्यंत बैठका होत राहिल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर १९९४ पासून मुंबईतही सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या.

आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकांनी २००२ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. दंगलीचे एक शहर आणि शांत राहिलेले एक शहर, अशा तीन जोड्या लावून त्यांनी तुलना केली. अलीगड आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. दोन वाफे शेजारी लावून पाहावे तसेच हे. जिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, मंडळे यांत दोन्ही समाजांची माणसे रोज एकत्र बसतात तिथे अफवा पेट घेत नाही, असे त्यांना आढळले. अशी बैठक पोलीसही घडवू शकतात याचा दाखला म्हणून त्यांनी भिवंडीकडे बोट दाखवले.

मला स्वतःला भिवंडीचा प्रयोग पटतो. पण ज्या मापाने मी औषध दुकानदाराला मोजले त्याच मापाने इथेही मोजले पाहिजे. भिवंडीत समित्या साऱ्या शहरभर होत्या. समितीविना ठेवलेली वस्ती, म्हणजे तुलनेचा वाफा, तिथे नव्हता. १९८४चा पोळलेपणा, यंत्रमागाच्या धंद्यात दोघांचे अडकलेले हात, यांचाही वाटा असणार. एका शेतातले एका वर्षाचे पीक, तेवढाच त्याचा पुरावा. आणि त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये, पोलीस ठाणे बांधायच्या जागेवरून दंगा होऊन दोन पोलीस मारले गेले आणि पोलिसांच्या गोळीबारातही माणसे दगावली. गावात विश्वास होता तो ठाण्याच्या भिंतीवर लिहिलेला नव्हता, बैठकीत येऊन बसणाऱ्या माणसांशी जडलेला होता. बैठकी ओस पडल्या की तण माजायला वेळ लागत नाही.

म्हणून बदलीचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह यांच्या खटल्यात सांगितले की ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षे एका जागी राहू द्या. महाराष्ट्रानेही २०१४ साली पोलीस कायदा दुरुस्त करून मुदती घातल्या, मुदतीआधी हलवण्याच्या वाटाही त्यात ठेवल्या. ठाण्याच्या हद्दीतले पाडे कोणते, कुठल्या पाड्याला पावसाळ्यात वाट नसते, कोणता पोलीस पाटील कामाचा, हे कळायलाच नव्या साहेबाला वर्ष लागते. कळू लागले की ट्रंक भरायची. (आमच्या खात्याचेही काही वेगळे नाही, पण ते रडगाणे इथे नको.) चांगला अधिकारी गेला म्हणून निरोप समारंभात रडण्यापेक्षा, त्याने सुरू केलेली बैठक पुढच्याकडे चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारलेले बरे.

तुमच्या हाती काय आहे, तेही लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात. फिर्याद तोंडी सांगितली तर ती लिहून, वाचून दाखवून सही घ्यायची असते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या. लिहून घ्यायला नकार दिला तर तीच हकीगत कागदावर लिहून पोलीस अधीक्षक, ठाणे ग्रामीण यांना टपालाने पाठवता येते. टपालाची पावती जपून ठेवावी. त्यानेही काम झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज आहे. ठाण्यात जाताना दोन जाणती माणसे बरोबर न्यावीत, दहा नकोत. दहा गेली की फिर्यादीचा मोर्चा होतो.

मोटारीच्या बाबतीत एवढे आजच करा. मोटारीच्या पट्टीवरचा नंबर, कंपनीचे नाव आणि अश्वशक्ती एका कागदावर उतरवून तो खरेदीच्या पावतीबरोबर सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. पट्टी गंजून अक्षरे गेली असतील तर खिळ्याने मोटारीच्या बुडावर स्वतःची खूण कोरून घ्या आणि ती खूणही त्या कागदावर लिहा. शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबरही त्यातच असू द्या.

पुढील अंकी उन्हाळी भाताच्या रोपवाटिकेविषयी.